बेंचवरचे साळवे सर

सामना चालू असताना साळवे सर चेंडूकडे फारसं बघत नसत. चेंडू काय, सगळेच बघतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांची नजर असायची आमच्या पोरींच्या पाठींवर. हॉकी हा वाकून खेळायचा खेळ. पोरगी ताजी असली की वाकलेली असते. दमली की आधी पाठ सरळ होते, मग पाय जड होतात, आणि आपण दमलोय हे तिला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. सरांचं सगळं शास्त्र एवढंच होतं. पाठ सरळ झाली की ती बाहेर आणि दुसरी आत, आणि जरा पाणी पिऊन दम खाल्ला की पहिली पुन्हा आत. हॉकीत अशी अदलाबदल हवी तितक्या वेळा करता येते, हे मला त्यांच्यामुळे कळलं. तोवर मी हॉकीची स्टिक फक्त चित्रात पाहिलेली.

मी त्या शाळेत मराठी शिकवत होते. गाव पिरंगुटच्या पुढे, उरवड्याच्या वाटेवर. माहेर-सासर दोन्ही मराठवाड्यात, नोकरी लागली म्हणून इकडे आलेली. मुलींचा संघ बाहेर न्यायचा तर सोबत एक बाई लागते, आणि शाळेत घरी लवकर पळायची घाई नसलेली बाई मीच होते. म्हणून मी दर सामन्याला बेंचच्या टोकाला पाण्याचा पिंप आणि चिकटपट्ट्यांचा डबा सांभाळत बसायची. खेळातलं मला आजही ओ की ठो कळत नाही. माणसं मात्र तिथून चांगली दिसायची.

सर मूळचे खडकीचे. तिथली पोरं क्रिकेटच्या आधी हॉकी शिकतात, असं ते अभिमानाने सांगत. तरुणपणी एका कंपनीच्या संघात खेळले, मग कंपनीने संघच बंद केला आणि सर उरवड्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. अठ्ठ्याण्णव साली शाळेच्या बोअरचा पंप बिघडला, तो दुरुस्त करायला रविवारी ते आले होते. आमचा शिपाई तेव्हा साप मारून परत येत होता, हातात हॉकीची स्टिक. कुणा दानशूर माणसाने कधीकाळी शाळेला डझनावारी स्टिका दिल्या होत्या, आणि त्यांचा दुसरा काही उपयोग कुणाला माहीत नव्हता. सरांनी ती स्टिक त्याच्या हातातून काढून घेतली, नळाखाली धुतली आणि पंप तसाच टाकून मुख्याध्यापकांना विचारायला गेले की अशा अजून किती आहेत.

पंप दुरुस्त व्हायला पुढचा रविवार उजाडला. तोवर सर मैदानावर पोरींना घेऊन उभे होते.

संस्थेचे अध्यक्ष अण्णा, गावातल्या बऱ्याचशा भातखाचरांचे मालक आणि गावाच्या प्रत्येक गोष्टीत शेवटचा शब्द ज्यांचा चालतो असे गृहस्थ, एकदा संध्याकाळी येऊन हा प्रकार बघून गेले. पहिल्याच वर्षी आमच्या पोरी तालुक्यात जिंकल्या तेव्हा त्यांनी सरांना शाळेच्या ऑफिसात बोलावून घेतलं. मी तिथेच हजेरीपटावर सह्या घेत होते. अण्णा म्हणाले, "कारखान्याचं काय खरं हाय साळवे? आज हाय, उद्या कुलूप. हितं या. कायम करतो तुमाला. शब्द हाय माझा."

सरांनी कारखाना सोडला. अडचण एकच होती. सरकारी मान्यतेच्या जागेला पदवी लागते आणि सर मॅट्रिक. अण्णांकडे त्यावरही उत्तर होतं. संस्थेचा स्वतःचा इंग्रजी विभाग निघणार होता, तिथे सरकारला विचारायचं कारण नव्हतं. विभाग निघाला की पहिली ऑर्डर साळव्यांची. तोवर मानधन. दरवर्षी जून आला की सर इस्त्रीचा शर्ट घालून अण्णांकडे जायचे आणि दरवर्षी तो विभाग पुढच्या जूनला ढकललेला असायचा. सरांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. त्या पिरंगुटला भाड्याच्या खोलीत शिवणकाम करायच्या. माझ्या ब्लाउजची मापं घेताना त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "बाई, कायम कधी होणार हो हे? तुमच्या कानावर काही?" माझ्या कानावर काही नसायचं.

सरांना स्वतःला ती चिंता होती की नव्हती, हे ओळखणं अवघड होतं. त्यांच्या डोक्यात सतत पोरी असायच्या. भातलावणीच्या दिवसांत ते सायकल काढून खाचरांच्या बांधाबांधाने हिंडायचे. त्यांना एक शोध लागला होता. खडकीत पोरांना वाकायला शिकवण्यात वर्ष जातं, आणि इथल्या पोरी आईबरोबर लावणीला उभ्या राहिल्या की दिवस दिवस वाकलेल्या असतात, वर चेष्टामस्करी चालूच. मग ते बांधावर उभे राहून कोण किती वेळ वाकून राहते ते बघायचे. त्या काळात आमच्याकडे जमिनीचे एजंट फार फिरायला लागले होते. बांधावर उभा राहिलेला अनोळखी माणूस म्हणजे एजंट, नाहीतर त्याहून वाईट. एका शेतकऱ्याने सरांना धरलंच. काय बघतोस म्हणून दरडावलं, तर आमचे हे गृहस्थ सरळ सांगून मोकळे, "पोरींच्या पाठी."

त्यांना मारुतीच्या देवळात बसवून ठेवलं होतं. मुख्याध्यापक आणि मी धावत गेलो तेव्हा भोवती बरीच गर्दी जमली होती आणि सर मधोमध बसून त्या शेतकऱ्याला शांतपणे समजावत होते की तुमची धाकटी फुलबॅकला फार चांगली होईल. मुख्याध्यापकांनी त्यांना सोडवून आणलं आणि वाटेत बजावलं की पुन्हा कुणी विचारलं तर पीक बघतोय म्हणून सांगायचं. सर म्हणाले, पिकातलं मला काय कळतं. ती धाकटी पुढे खरोखरच फुलबॅकला खेळली.

पण पोरी मिळवणं सोपं होतं, त्यांना बाहेर बसवणं महाकठीण. आमच्या भागात पंगतीतून माणसाला उठवणं यासारखा अपमान नाही. एकदा पान मांडून बसवलेल्या माणसाला कुणी 'ऊठ' म्हटलं तर दोन घरांचं बोलणं पिढ्यान्‌पिढ्या बंद होतं. आणि सरांचा सगळा खेळ उठवण्यावर उभा. चांगली खेळणारी पोर, चार लोकांसमोर, आईबाप बघत असताना, हाक मारून बाहेर घ्यायची. पोरी रडत यायच्या. घरी जाऊन सांगायच्या, मला सरांनी उठवलं. शब्दही पंगतीचाच.

एकदा एका पोरीची आई शाळेत आली ती पदर खोचूनच. माझी पोरगी पांगळी हाय का, चोर हाय का, तिला का उठवलं, हे मला आत्ताच्या आत्ता सांगा. सरांनी तिला पुढच्या सामन्याला आमच्याबरोबर टेम्पोत घातलं आणि बेंचवर आपल्या शेजारी बसवलं. तिला एवढंच सांगितलं की मावशी, पाठी बघत राहा, लावणीत बाई दमली की तुम्हाला कसं कळतं, तसंच. जरा वेळाने ती बाई सरांच्या दंडाला धरून हलवायला लागली, "ती लाल रिबिनीची दमली बघा. काढा तिला. काढा की." लाल रिबिनीची तिचीच लेक होती. सरांनी हाक मारायच्या आत आईनेच मारली.

ही गोष्ट सर फार रंगवून सांगत. सांगताना त्या बाईचा आवाज काढत. पण गावाला पटवायला प्रत्येकाच्या आईला टेम्पोत घालणं शक्य नव्हतं, हे त्यांना कधी नीट उमगलं असं वाटत नाही. त्यांच्या लेखी बेंच हीसुद्धा खेळायचीच जागा होती. "बाई, आत अकरा जणी खेळतात असं लोकांना वाटतं," ते म्हणायचे. "आपल्या सगळ्याच खेळतात. काही जणी बसून खेळतात." गावाच्या लेखी बेंच म्हणजे पंगतीबाहेरची जागा, आणि त्याबद्दल गाव कधी बदललं नाही.

बेंचवर सगळ्यात सुरेख बसायची ती सुवर्णा. सुवर्णा बामगुडे, ताम्हिणीची. तिकडे पावसाळाभर घराबाहेर पडता येत नाही म्हणून मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकायची. सर आले तेव्हा आठवीत होती. शेलाटी, काळीसावळी, हातात स्टिक आली की कुणालाही न ऐकणारी. पहिल्यांदा सरांनी तिला ऐन रंगात बाहेर घेतली तेव्हा तिने स्टिक सरांच्या पायावर फेकली होती. सरांचा अंगठा काळानिळा झाला. ते लंगडत लंगडत पुढचे आठवडे तिला शिकवत राहिले, पण त्या स्टिकेबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, ती सरांच्या शेजारी बसायला लागली. एक-दोन वर्षांत अशी वेळ आली की सरांच्या आधी तिच्या लक्षात यायचं. ती नुसतं हनुवटीने दाखवायची आणि सर हाक मारायचे. स्वतः खेळत असली तर दमल्यावर आपण होऊन बाहेर यायची. सर म्हणायचे, हॉकी खेळणाऱ्या पुष्कळ बघितल्या, बसणारी ही एकच.

बारावी झाल्यावर ताम्हिणीला तिच्या लग्नाचं घाटत होतं. सर भर पावसात गेले. ताम्हिणीचा पाऊस ज्याने पाहिला त्यालाच ते कळेल. तिच्या घरी ओल्या कपड्यांनी चुलीपुढे बसून त्यांनी तिच्या बापाला सांगितलं की हिला पदवी करू द्या, मग बी. पी. एड. करू द्या, हिच्या नोकरीची जबाबदारी माझी. बाप म्हणाला, गुरुजी, तुमच्याच नोकरीचं अजून ठरंना. तेही सरांनीच मला हसत हसत सांगितलं. शेवटी बाप कबूल झाला. पुढे कॉलेजच्या अर्जापासून वसतिगृहाच्या खोलीपर्यंत सगळीकडे सर तिच्याबरोबर हेलपाटे घालत होते. त्यांना पोटचं मूल नव्हतं. वहिनी तिच्यासाठी पंजाबी ड्रेस शिवायच्या आणि शिलाईचं नाव काढू द्यायच्या नाहीत.

सुवर्णा शिकून परत आली ती सरांच्या हाताखाली मदतनीस म्हणून. मामीकडून दोघांपुरता डबा आणायची. सामन्याच्या दिवशी बेंचवर मध्ये डबा उघडून दोघं भाकरी-पिठलं खात, तोंडाने घास आणि डोळ्याने पाठी. ते बघताना मला बरं वाटायचं. एवढी वर्षं या माणसाने जे पेरलं ते उगवलं, असं मी तेव्हा घरी पत्रात लिहिल्याचं आठवतं.

तोवर गाव पार बदललं होतं. जमिनींना सोन्याचा भाव आला होता. अण्णांनी वरच्या अंगाची खाचरं बिल्डरला दिली आणि इंग्रजी विभागाची इमारत खरोखरच उभी राहायला लागली. संघ जिंकला की चौकात फ्लेक्स लागायचा. त्यावर अण्णा मोठे, पोरी लहान, आणि सर नसायचेच. एकदा मी तसं बोलून दाखवलं. सर म्हणाले, माझा फोटो बरा येत नाही बाई. पण त्या वर्षी सर मनापासून खूश होते. इमारतीच्या स्लॅबवर उभे राहून त्यांनी मला क्रीडासाहित्याची खोली कुठे होणार ते दाखवलं. वहिनींनीही मापं घेताना तो प्रश्न विचारणं सोडलं होतं.

अण्णांची पुतणी प्राजक्ता त्या वर्षी आमची मुख्य फॉरवर्ड होती. पोरगी गुणी, स्वभावाने साधी, मोठ्या घरचा तोरा अजिबात नाही. हिवाळ्यात पुण्याला एक निमंत्रितांची स्पर्धा असे, त्यात आमचा संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीला गेला. अण्णा पाहुण्यांना घेऊन दोन गाड्यांतून आले. बिल्डर होता, नात्यातले होते, आमदारांकडचं कुणीतरी होतं. सामन्याआधी अण्णा बेंचपाशी आले. सरांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "साळवे, आज पाहुणे हायेत. प्राजक्ताला पंगतीतनं उठवू नका."

सर म्हणाले, "बघतो अण्णा."

उत्तरार्धात बरोबरी होती. समोर शहरातल्या मोठ्या शाळेच्या तगड्या पोरी. प्राजक्ता जिवाच्या आकांताने पळत होती, आणि मलाही दिसलं, तिची पाठ सरळ झाली होती. सरांनी हात वर करायला घेतला तशी सुवर्णा म्हणाली, "सर, आज राहू द्या तिला."

सरांना वाटलं तिचं लक्ष नाही. म्हणाले, "पाठ बघ तिची."

"बघितली. तरी राहू द्या."

सरांनी तिच्याकडे बघितलं. नवल वाटून बघितलं, रागाने नाही. मग त्यांनी प्राजक्ताला हाक मारली. ती धावत आली, पाण्याचा पेला माझ्या हातून घेतला आणि माझ्या शेजारी बसली. तिच्या जागी आठवीतली एक पोर गेली. तिची आई अण्णांच्याच खाचरात लावणीला जायची. त्या पोरीने आत गेल्या गेल्या कुठून कसा चेंडू मिळवला मला सांगता येणार नाही, पण तिने तो गोलात घातला आणि तेवढ्या एका गोलावर आम्ही जिंकलो. प्राजक्ता सगळ्यांत जास्त उड्या मारत होती. बक्षीस घ्यायला अण्णांना स्टेजवर बोलावलं तेव्हा त्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गाड्या निघून गेल्या होत्या.

परतीच्या टेम्पोत पोरी गाणी म्हणत होत्या. सर त्यांच्यात बसून टाळ्या वाजवत होते. सुवर्णा पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती.

जूनमध्ये शाळा उघडली. इंग्रजी विभागाचा पहिला दिवस, मंडप, अण्णांचं भाषण. सर शिक्षकांच्या ओळीत, वहिनींनी शिवलेला नवा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी. अण्णा म्हणाले की आपल्याच शाळेची लेक, आपल्याच मातीतली खेळाडू, सुवर्णा मॅडम आजपासून क्रीडा शिक्षिका म्हणून कायम रुजू होतायत, टाळ्या होऊ द्या. टाळ्या झाल्या. सरांनीही वाजवल्या, कारण त्यांना वाटलं की पुढचं नाव त्यांचं आहे. पुढचं नाव एका गणिताच्या बाईंचं होतं, आणि मग राष्ट्रगीत झालं. मी सुवर्णाकडे बघत होते. ती मान खाली घालून उभी होती आणि राष्ट्रगीत संपलं तरी तिने मान वर केली नाही.

सर ऑफिसात गेले. मुख्याध्यापकही होते तिथे, खिडकीबाहेर बघत. त्यांनीच नंतर मला सांगितलं. सर भांडले नाहीत. मी काय करू एवढंच विचारलं. अण्णा म्हणाले, पदवीवाला माणूस घरचाच मिळाला, तर बाहेरचं मानधन कशाला. आणि जाता जाता वर म्हणाले, "तुमीच सांगता ना साळवे, माणूस दमायच्या आत बाहेर काढावा." आमचे मुख्याध्यापक खिडकीबाहेरच बघत राहिले. या शाळेत इतकी वर्षं काढून माझा जीव कुणाला इतका विटला नव्हता जितका त्या दिवशी त्या गप्प बसलेल्या सभ्य माणसाला विटला.

सुवर्णाशी मी पुष्कळ दिवस कामापुरतं बोलत होते. तिच्या घरची ओढाताण मला ठाऊक होती. बाप थकलेला, भाऊ लहान, ताम्हिणीची ती पावसाने धुऊन नेलेली शेती. गरज नव्हती असं कोण म्हणेल? पण गरज वहिनींनाही होती. ऑर्डर हातात पडली त्या संध्याकाळी पिरंगुटला जाऊन तिला सरांना सांगता आलं असतं. मंडपात, टाळ्या वाजवताना, त्यांना कळायला नको होतं.

स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकमत होतं. फायनलला अण्णांच्या पुतणीला उठवलं, पाहुण्यांसमोर नाक कापलं, त्याची ही शिक्षा. माझंही तेच मत होतं. सरांचंही. शिट्टी आणि कपाटाची किल्ली द्यायला ते आले तेव्हा मला म्हणाले, "दमली होती हो बाई ती. कुणाचीही पोरगी असती तरी काढली असती." म्हणताना त्यांचा आवाज जरा चढला. मला त्यांचा अभिमान वाटला. नोकरी गेली होती, पण कशासाठी गेली हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं, आणि ते कारण लाज वाटण्यासारखं नव्हतं.

मग ते हिंजवडीला एका आयटी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागले आणि नेऱ्याला एका शेतकऱ्याने बांधलेल्या चाळीत वरच्या मजल्यावर खोली घेतली. आमच्या गाठी पडेनाशा झाल्या.

दहा साली सुवर्णाचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, बाई, सरांना द्यायची हाय, एकटीला धीर व्हत न्हाई, याल का? मी नको म्हणणार होते. पण सरांना बघावंसं वाटलं म्हणून गेले.

वहिनींनी दार उघडलं. सुवर्णाला बघून क्षणभर थांबल्या, मग आत घेतलं, पाट दिला, हळदीकुंकू लावलं. रीत त्यांनी सोडली नाही. सर खाटेवर बसले होते, दुपारच्या ड्यूटीचा निळा शर्ट अंगात. सुवर्णाने पत्रिकेवर अक्षता ठेवून पुढे केली, पाया पडली. त्यांनी पत्रिका घेतली, मुलगा काय करतो ते विचारलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. पोरींपैकी कोण कोण खेळतंय ते विचारलं नाही. मला वाटलं होतं आधी तेच विचारतील.

चहा देताना वहिनींना राहवलं नाही. त्या सुवर्णाकडे न बघता मला म्हणाल्या, "बघा बाई, कुठं आणून ठेवलं. त्या दिवशी त्या एका पोरीला खेळू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? अण्णा स्वतः सांगून गेले होते. हट्टापायी हातची नोकरी घालवली. वर्ष झालं, मी रोज हेच सांगते, आणि हे म्हणतात पुन्हा काढीन."

"पुन्हा काढीन," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर बारीकसं हसू होतं. हा वाद त्या घरात रोजचा असावा, आणि त्यात रोज हरायला सरांची हरकत नसावी.

सुवर्णाने कप खाली ठेवला. तिला सरांवरचा तो बोल सहन झाला नाही, हे मला स्पष्ट दिसलं. त्यांच्या बाजूने बोलायलाच तिने तोंड उघडलं. "वहिनी, सरांना बोलू नका. त्यांनी न्हाई घालवली. फायनलचा काई संबंध न्हाई. अण्णांनी मला दिवाळीतच सांगितलं व्हतं, जूनला तुला घेणार म्हणून. आणि कुठं बोलायचं न्हाई म्हणून."

खाली कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता.

"दिवाळीत," सर म्हणाले.

"व्हय सर."

"म्हणजे डबा आणायचीस, तेव्हा."

"व्हय."

"आणि राहू द्या म्हणालीस ते?"

"मला वाटलं, अण्णा खूश झाले तर तुमालाही ठेवतील." ती रडायला लागली होती. "मी विचारणार व्हते त्यांना. आपण दोघं म्हणून."

सर पत्रिकेवरच्या अक्षतांकडे बघत होते. वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. वर्षभर रोज जे बोलल्या ते आता त्यांना गिळता येत नव्हतं. मी सुवर्णावर इतके महिने रागावले होते, पण मला हे माहीत नव्हतं. सगळा हिवाळा ती त्यांच्या शेजारी बसून जेवली होती. आणि फायनलला सरांनी प्राजक्ताला काढलं काय, ठेवलं काय, अण्णांच्या लेखी सर तेव्हाच बाहेर गेलेले होते. आम्हा कुणाला हे कळलं नव्हतं, फक्त तिला कळलं होतं.

सरांनी पत्रिका उशाशी ठेवली, खुंटीवरची टोपी घेतली आणि घड्याळाकडे बघितलं. दारात पायात बूट चढवताना ते सुवर्णाला म्हणाले, "तेवढं तरी माझ्याकडं राहू द्यायचंस, पोरी."

तिला ते समजलं की नाही, मला ठाऊक नाही. वहिनींना समजलं; वर्षभर रोज ते 'पुन्हा काढीन' त्यांनीच ऐकलं होतं. त्या लगबगीने मागे गेल्या, पण सर जिना उतरून गेले होते. मी गॅलरीतून बघितलं. चाळीसमोरच्या कच्च्या रस्त्यावरून कंपनीच्या पहिल्या पाळीची माणसं परत येत होती, आणि सर त्यांच्यातून वाट काढत, कुणाला धक्का लागू न देता, कामावर चालले होते.